उलटं कोणीच लावत नाही

आमच्या कारखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून येतात. कधी ई-रिक्षात बसून, कधी स्कूटीच्या डिक्कीतून, आणि एकदा तर लहान बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आले होते! आम्ही बॅटरी पॅक बनवतो. हिंगणा एमआयडीसीत, मागच्या लायनीत, पत्र्याच्या शेडमध्ये. मी कविता. माझं काम टेस्टिंग. नवा पॅक बाहेर जाण्याआधी तपासते ती मी, आणि जळून परत आला की कारण शोधते तीही मीच.

कारण बहुतेक वेळा एकच असायचं. चार्जर उलटा लागला. प्लसला मायनस, मायनसला प्लस. सरळ लावला तर चार्जर पॅकमध्ये वीज भरतो. उलटा लावला की पॅक आणि चार्जर, दोघांचा जोर एकत्र होऊन आतल्या तळहाताएवढ्या सर्किटवर येतो. एक ठिणगी, थोडा धूर, जळक्या प्लास्टिकचा वास. खेळ खल्लास!

पण गंमत सांगू? त्या वर्षांत उलटं लावलेला एकही माणूस मला भेटला नाही. आमच्या फॉर्मवर ‘बिघाड कसा झाला’ असा एक रकाना आहे. त्यात लोक लिहितात, ‘आपोआप झाला.’ ‘लाईट गेली आणि आली.’ ‘घरी पाहुणे होते.’ एकाने तर सरळ लिहिलं, ‘देव जाणे.’

देवाचं मला माहीत नाही, पण टेस्टिंगवाल्या बाईला कळतंच!

*

आता मी कोणत्या तोंडाने हसते, तेही सांगते. माझा पहिला दिवस.

लग्नाआधी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. नंतर अठरा वर्षं घरात. मुलगी कॉलेजात गेली आणि मी अर्ज केला. लांजेवार सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दोनच प्रश्न विचारले आणि टेबलाशी बसवलं. म्हणाले, “हा पॅक आहे, हा चार्जर. सुरुवात करा.”

मी सुरुवात केली. पुढच्या क्षणी फट्ट!

धूर माझ्या चष्म्यापर्यंत आला. मी उठले, पर्स खांद्याला लावली. मला वाटलं, झालं, अठरा वर्षांनी मिळालेली नोकरी पंधरा मिनिटांत गेली. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते धुरामुळे आहे असं दाखवायची सोयही होती.

सर धावत आले. पॅककडे त्यांनी पाहिलंच नाही. “हात दाखवा,” म्हणाले. मी दोन्ही हात पुढे केले. काही झालं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा डावा तळवा उघडून दाखवला. मधोमध पांढरा डाग. “हा माझा, पहिल्या आठवड्यातला.”

मागून रफिकभाई आले. सेलच्या पट्ट्यांचं वेल्डिंग ते करतात. त्यांनी अंगठा पुढे केला. “ये देखो. हा माझा.”

पॅकची जुळणी करणाऱ्या मंदाताईंनी तर पदर पसरून वाटाण्याएवढं भोक दाखवलं. “हे माह्या नव्या साडीचं. तवाच्यापासून हेच नेसून येतो मी कारखान्यात.”

मी पर्स धरून तशीच उभी. मंदाताईंनी ती माझ्या खांद्यावरून काढली आणि खुंटीला अडकवली.

“बस वं बाई. आता झाली तू पर्मनंट!”

*

एक ई-रिक्षावाले भाऊ होते. धिप्पाड अंग, भरघोस मिशी. जळालेला पॅक घेऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, “म्या काहीच नाही केलं जी.”

मी वायर बघितल्या. चार्जरचा जुना प्लग वितळला होता, आणि त्यांनी स्वतःच नवा बसवला होता. लाल वायर मायनसला, काळी प्लसला.

“भाऊ, हे कोणी जोडलं?”

“मीच जोडलं. काहून?”

“लाल-काळं उलटं झालं ना.”

“लाल वायर आखूड पडून राहिला होता, मंग काळा तिकडे लावला. अन् वायर तं वायरच राहते. आत तांबंच राहते. रंगानं काय होते जी?”

रफिकभाईंनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मान वर केली.

“भाऊ, सिग्नलवर पण असंच म्हणता का?”

भाऊंनी एकदा वायरींकडे पाहिलं, एकदा रफिकभाईंकडे. मग खो खो हसायला लागले. इतकं हसले की मिशीवरचा घाम पुसावा लागला. त्यांच्या रिक्षाच्या मागे आजही लिहिलेलं आहे, ‘रंग पाहून चाला’. लोकांना वाटतं, मोठं तत्त्वज्ञान आहे!

*

एका उन्हाळ्यात परत येणारे पॅक फारच वाढले. नव्या पॅकपेक्षा जळकेच टेबलावर जास्त. सरांचे मोठे भाऊ एकदा येऊन सरळ बोलून गेले की हे दुकान आता बंद कर आणि कुठे तरी नोकरी धर. सरांना मोठ्याने बोलताच येत नाही. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, हे आम्ही तिघांनी पाहिलं.

मग ठरलं, पॅकवर स्टिकर लावायचं. सरांनी मजकूर लिहिला : ‘सावधान! चार्जरची उलट जोडणी केल्यास पॅकला कायमस्वरूपी हानी पोहोचू शकते.’

मंदाताईंनी वाचलं आणि तोंड वाकडं केलं. “सर, हे तं कोर्टाचा कागद आल्यासारखं वाटते. माणूस घाबरून आणखी उलटं लावन.”

“मग तुम्ही सांगा, काय लिहू?”

मंदाताईंनी थोडा विचार केला. “लिहा, ‘भाऊ, लावायच्या आधी एकदा पाहून घ्या ना.’”

सरांनी खरंच ते छापलं! पिवळ्या स्टिकरवर, लाल अक्षरात. आठ दिवसांनी फोन आला. काटोलकडचे एक गृहस्थ. आमचा फवारणी पंपाचा पॅक त्यांनी घेतला होता. फार अदबीने बोलत होते.

“मॅडम, तुमच्या डब्ब्यावर लिहिलेलं आहे, एकदा पाहून घ्या.”

“हो काका.”

“तं मी पाहिलं.”

“बरं.”

“चांगल्यानं पाहिलं. चारही बाजूनं.”

“बरं मग?”

“आता काय करू?”

*

शेवटी सर धोटे काकांना घेऊन आले. काका एका मोठ्या कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातून रिटायर झालेले. शर्टाच्या खिशात टेस्टर, पायात काळे बूट, उन्हाळ्यातही. आमच्या जळक्या सर्किटांनी भरलेला ड्रॉवर त्यांनी उघडला, एकेक उचलून नाकाशी धरलं, आणि म्हणाले, “लोकायले सुधरवायच्या भानगडीत पडू नका. लोक उलटं लावनच. पॅकले सुधरवा.”

पहिला उपाय त्यांनी केला तो डायोडचा. काकांनी मंदाताईंना समजावलं, “हा वन-वे रस्ता आहे. इकडून गाडी जाईन, तिकडून येणार नाही. उलटा चार्जर आला का रस्ता बंद.”

उपाय चालला. उलटं लावून पॅक जळेना. पण सगळी वीज त्या एवढ्याशा डायोडमधून जायची, त्यामुळे चार्जिंगच्या वेळी तो चांगलाच तापायचा. काकांनाच ते आवडेना. त्यांनी बाहेर गेलेले पॅक परत बोलावून घ्यायला सांगितलं. मी एकेका गिऱ्हाईकाला फोन करत बसले. सगळे घेऊन आले. एक सोडून.

तो पारडीचा रिक्षावाला होता, गजानन. मी फोन केला की म्हणायचा, “आणतो मॅडम.” आठवडा गेला. पुन्हा फोन. “आणतो ना मॅडम, चार दिवस द्या.” जानेवारी चालू होता, मरणाची थंडी पडली होती. मला राग आला. म्हटलं, “गजाननभाऊ, पॅक तापतो तुमचा. धोका नको म्हणून बोलावतेय. काहून ऐकत नाही तुम्ही?”

तो हळूच म्हणाला, “तापते म्हणूनच तं अडचण झाली मॅडम. सीटखाली बॅटरीच्या बाजूनं मांजरीनं पिल्लं घातली. तीन हायेत. चार्जिंगले लावलं का तिघंही डब्ब्याले चिकटून झोपते.”

“पिल्लं?” मी विचारलं.

“डोळे उघडू द्या त्यायचे. मंग आणतो.”

मी काकांना सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिथल्या तिथे स्वतः फोन घेतला. मला वाटलं, आता झापणार.

“गजानन, मी धोटे बोलतो. चार्जिंग चालू असताना तिथेच बसून राहायचं, हलायचं नाही. अन् सीट उघडी ठेवायची. हवा लागली पायजे.” मग थोडं थांबून, “मांजरीले दूध देतो का नाही?”

*

डायोड गेला आणि रिले आला. रिले म्हणजे आत एक छोटं लोखंडी दार. चार्जर सरळ लागला तरच ते ‘टक्’ आवाज करून उघडतं आणि चार्जिंग सुरू होतं. उलटा लागला तर दार मिटलेलंच. ना ठिणगी, ना धूर.

सर म्हणाले, “काका, उलटं लागलं तर कळायला पाहिजे ना? एक बझर टाकू.” काकांची फारशी इच्छा नव्हती, पण टाकला. आणि बझर कसला! पूर्ण शेड दणाणायची.

पंधरा दिवसांत एक गिऱ्हाईक आलं. रिक्षा स्टँडवरचे सगळ्यात वयस्कर चालक होते ते, धोतर-टोपीवाले. पॅक टेबलावर ठेवला. मी तपासला, एकदम ठणठणीत.

“यात तर काहीच बिघाड नाही बाबा.”

“बिघाड नाही. तो आवाज काढून द्या.”

“अहो, तो तर तुमच्या फायद्यासाठी...”

“बाई,” ते म्हणाले, “मले दिसते कमी. एखाद्या वेळी उलटं लागते. हा बोंबलला का स्टँडवरचे सारे पोट्टे हासते. परवा एकानं मोबाईलमध्ये काढून घेतलं.” टोपी काढून हातात धरली होती त्यांनी. “बॅटरी जळली तरी चालन. पण हा आवाज नको.”

माझ्या आयुष्यात भेटलेला हा पहिला माणूस, ज्याने उलटं लावलं असं स्वतःहून कबूल केलं. आणि ते कबूल करताना त्यांची मान खाली होती.

काका कोपऱ्यात ऐकत होते. उठले, पॅक उघडला, कटरने बझर कापून खिशात टाकला. त्यांना चहा पाजला, पॅक स्वतः रिक्षात नेऊन ठेवला. परत येऊन आमच्या तयार पॅकची रांग होती तिच्यासमोर बसले आणि एकामागून एक सगळे बझर काढायला लागले.

सर बघत उभे. “काका, सगळेच?”

मग काकांनी सांगितलं. नोकरीला लागून महिना झाला असताना त्यांनी चुकीचं बटण दाबलं होतं. सायरन झाला. पूर्ण खातं गोळा झालं. सगळे बघतायत, सायरन चालूच. त्यांचे फोरमन आले, आधी सायरन बंद केला, आणि कानाशी वाकून फक्त एवढं म्हणाले, “धोटे, जा, चहा पिऊन ये.”

“बस. पुन्हा ते बटण चुकलो नाही मी.” काकांनी पुढचा बझर कापला. “चूक झाली ते ज्याची त्याले समजली पायजे. गावाले काहून सांगायचं?”

तेव्हापासून आमच्या पॅकला फक्त हिरवा दिवा असतो. बरोबर लागलं की लागतो. चुकलं की पॅक गप्प बसतो.

*

आता हा नवा पॅक, मोठ्या संख्येने बाजारात काढण्याआधी, उलट्या चार्जरने शंभर वेळा तपासायचा होता. काम मंदाताईंना दिलं, कारण मी रीडिंग लिहीत होते. मंदाताईंनी चार्जरचे चिमटे हातात घेतले आणि तशाच बसून राहिल्या.

“काय झालं?”

“माहा हात चालून नाही राहिला. जाणूनबुजून उलटं कसं लावू वं? आतापर्यंत सरळ लावायचंच शिकवलं ना तुम्ही.”

शेवटी त्यांनी पॅकला हात लावून नमस्कार केला, “माफ कर बाप्पा,” म्हणाल्या, डोळे मिटले आणि लावला. आम्ही सगळे दोन पावलं मागे. रफिकभाईंच्या हातात वाळूची बादली.

काही नाही.

दुसऱ्यांदा. काही नाही. दहा. वीस. मंदाताईंनी एक डोळा उघडला. पन्नासला दोन्ही. नव्वदनंतर आम्ही सगळे मोठ्याने आकडे म्हणत होतो. शंभर! कोणी उडी मारली, कोणी कोणाला मिठी मारली, मला आठवत नाही. रफिकभाई बादली डोक्यावर घेऊन नाचत होते आणि वाळू सगळीकडे. सर मात्र खुर्चीत बसले होते, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

नेमके तेव्हाच त्यांचे मोठे भाऊ दारात आले. तेच, दुकान बंद कर म्हणणारे.

“काय झालं गा?” ते घाबरले.

सरांनी तोंडावरचे हात काढले. डोळे लाल. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले.

“काहीच नाही झालं दादा! शंभर वेळा काहीच नाही झालं!”

दादांना काही कळलं नाही. पण ते तसेच मागे फिरले आणि अर्ध्या तासाने संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. “काय नाही झालं ते नंतर सांगा,” म्हणाले. “आधी खाऊन घ्या.”

*

मग व्हीलचेअरच्या कामाची गोष्ट आली. अपंग माणसांना इलेक्ट्रिक खुर्च्या देणारी एक संस्था होती, तिला पॅक हवे होते. आमच्यासाठी फार मोठं काम. संस्थेच्या मॅडम तपासायला येणार होत्या. सर दोन दिवस शेडमध्ये झाडू मारत होते.

त्या वर्षी काकांचे हात थरथरायला लागले होते. ते कोणाला सांगत नसत. चहाचा कप अर्धाच भरायचा, हे मंदाताईंनी आपणहून सुरू केलं होतं. तरी पॅक दाखवण्याचा मान काकांचाच, हे आमच्यात न बोलता ठरलेलं.

मॅडम आल्या. वहीपेन घेऊन समोर बसल्या. काकांनी सगळं नीट समजावलं, आणि म्हणाले, “आता बघा, सरळ जोडतो. हिरवा दिवा लागतो.” चिमटे उचलले. हात थरथरत होता. चिमटे लागले.

दिवा लागला नाही.

काका दिव्याकडे बघतायत. मॅडम दिव्याकडे बघतायत. मी पाहिलं, लाल चिमटा मायनसला होता. रफिकभाईंनीही पाहिलं. काकांचा चेहरा हळूहळू पडायला लागला.

तेवढ्यात सर पुढे आले. अगदी शांतपणे.

“मॅडम, काकांची ही पद्धतच आहे. आधी मुद्दाम उलटं लावून दाखवतात. बघा, पॅकला काही झालं?”

मॅडम वाकल्या. पॅकला हात लावला. थंडगार. “अरे वा,” म्हणाल्या आणि वहीत बरंच काही लिहिलं. मग सरांनी काकांच्या हातावर हात ठेवून, जसं काही दोघं मिळूनच करतात असं, चिमटे बदलले. टक्! हिरवा दिवा.

काम मिळालं. मॅडम गेल्यावर काका बराच वेळ टेबलापाशी बसून होते. मग सरांना हाक मारली.

“नितीन, म्या मुद्दाम नव्हतं लावलं गा.”

सर फाईल लावत होते. वर न बघता म्हणाले, “काका, तुम्ही बनवलेला पॅक आहे. त्याने सांभाळून घेतलं. मी काय केलं?”

*

आणि आता हा खाप्याचा किस्सा.

व्हीलचेअरचे पॅक वाटून झाले, वर्ष झालं. त्या खुर्च्यांना चार्जर चिमट्यांचे होते, सीटखाली दोन बोल्टना लावायचे. उलटं लागलं तरी नुकसान नाही, पण त्रास तर होतोच. म्हणून सरांनी नवा प्लग आणला. एकाच बाजूने बसणारा. उलटा लावायचा म्हटलं तरी लागतच नाही, आंधळ्यानेही लावावा असा. घरोघर जाऊन तो फुकट बसवून द्यायचा, असं ठरलं. सावनेर तालुका माझ्याकडे होता.

खाप्यात एक म्हातारं जोडपं राहतं. बाबाजींना लकवा मारलेला, दोन्ही पाय आणि डावा हात गेलेला. बोलणं मात्र स्पष्ट. आजी काटक, दिवसभर पायाला भिंगरी. मी गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. आजी दारातच म्हणाल्या, “बरं झालं आली वं माय. थांब जराशी, यायची चार्जिंग लावून देतो, मंग तुह्यासाठी चहा मांडतो.”

म्हटलं, लावा, मीही बघते कशा लावता.

आजी खुर्चीपाशी खाली बसल्या, जमिनीवर फतकल मारून. मोतीबिंदूने दोन्ही डोळे दुधाळलेले. लाल कुठला, काळा कुठला, काही दिसत नव्हतं. बोटांनी बोल्ट चाचपले, चिमटे लावले आणि डोकं सीटच्या कडेला टेकवून कान लावला. टक् आवाज येतो का, ते ऐकत होत्या. त्यांचं डोकं बाबाजींच्या गुडघ्याशी.

आवाज आला नाही.

“उलटं लागलं वाटते,” बाबाजी वरून म्हणाले.

“तुम्ही बोलू नका. मले ऐकू येऊन नाही राहिलं.”

चिमटे काढले. मग बसल्या बसल्याच काही आठवलं म्हणून सांगायला लागल्या, शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली, वावरातल्या विहिरीचा पंप कोणी दुरुस्त केला. बाबाजी विचारत होते, ह्या सांगत होत्या. मध्ये एकदा चिमटे लावले. पुन्हा उलटेच! पुन्हा कान, पुन्हा भांडण. बाबाजींचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून खाली आलेला. आजींचा पदर चाकाखाली जात होता, तो बाबाजींनी दोन बोटांनी हळूच बाजूला केला.

टक्!

“लागलं एकदाचं,” आजी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “रोजचं आहे वं बाई हे. दिवसभर बसाले फुरसत नाही, अन् संध्याकाळी ह्या चिमट्यापायी अर्धा घंटा जाते माहा.”

“आता नाही जाणार आजी,” मी पिशवीतून नवा प्लग काढला. “हाच बसवायला आले मी.”

“बसव माय, बसव. लई पुण्य लागन तुले.” आणि त्या चहा मांडायला आत गेल्या.

मी पाना काढला, खाली बसले. पहिला बोल्ट सैल केला असेल नसेल, तोच बाबाजींनी हळू आवाजात हाक मारली.

“बाई.”

“जी बाबाजी?”

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“उलटं लागून बॅटरी खराब तं होत नाही ना?”

“नाही बाबाजी. कितीही वेळा लागू द्या.”

“पक्कं?”

“शंभर वेळा पाहिलं आम्ही.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मंग हा नवा नको लावू.”

“काहून बाबाजी? चांगला आहे हा. एका सेकंदात लागते.”

“म्हणूनच तं,” बाबाजी म्हणाले.

मी बोल्ट पुन्हा घट्ट केला. प्लग पिशवीत टाकला. आजी कप घेऊन बाहेर आल्या.

“झालं का वं बसवून?”

“नाही आजी,” मी म्हटलं. “तुमच्या खुर्चीला तो बसत नाही.”